ज्याची गाडी, त्याचं मत

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बाहेरगावच्या मतदाराला गावात आणणारी एकच यंत्रणा आपल्याकडे बिनबोभाट चालते. ती निवडणूक आयोगाची नाही, उमेदवाराची आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री मावळातल्या कुठल्याही गावाच्या वेशीवर उभं राहा. दहा वाजून गेले की हायवेवरून गाड्या आत वळायला लागतात. पुढच्या सीटवर कार्यकर्ता, हातात प्रभागाच्या मतदार यादीची झेरॉक्स, घड्या पडून मऊ झालेली. भांडुपहून किती आले, भोसरीहून किती, कुणाची रजा मंजूर झाली नाही, कुणाची लेक सासरी गेली पण नाव अजून इथंच आहे, हे सगळं त्यावर पेनानं मांडलेलं. गाडीभाडं उमेदवाराचं, रात्रीचं जेवण उमेदवाराचं, सकाळचा चहाही त्याचाच. साडेसातला केंद्र उघडलं की रांगेत पहिले हेच, आणि दुपारच्या आत गाडी परतीच्या वाटेला.

त्या गाडीतल्या माणसांना मी दोष देणार नाही. ती मत विकायला आलेली नसतात. आईवडील गावात आहेत, इंद्रायणी भाताचं खाचर गावात आहे, घरपट्टीची पावती त्यांच्या नावानं फाटते. मतावर त्यांचा हक्क आहेच. पण तो बजावायचा तर शंभर किलोमीटर यायचं, एका दिवसाची मजुरी सोडायची, भाडं खिशातून भरायचं. अशा वेळी दारात फुकट गाडी उभी राहिली तर माणूस बसणारच. केंद्रात त्याचं बोट कुठल्या बटणावर गेलं ते कुणाला दिसत नाही. तो कुणाच्या गाडीतून उतरला ते मात्र अख्खा गाव बघतो. मत गुप्त राहतं, उपकार उघडा पडतो. आणि गावात उपकाराचा हिशेब पाच वर्षं चालतो.

लोकसभा-विधानसभेसाठी असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२३ मध्ये, उमेदवारानं मतदाराला फुकट गाडीनं मतदान केंद्रावर नेणं-आणणं हे भ्रष्ट आचरण ठरवलेलं आहे. तत्त्व बरोबर आहे. पण गाडी वाईट म्हणून सांगणाऱ्या कायद्यानं गाडीशिवाय मत पोहोचवायची वाट सामान्य माणसाला दिलेली नाही. ती वाट मिळेपर्यंत गाड्या येत राहणार.

*

टपाली मतपत्रिका आपल्याकडे आहे, पण मोजक्यांसाठी. सैन्यदलांतले जवान, परदेशात वकिलातीत नेमलेले कर्मचारी, निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक, तलाठी, पोलीस, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतली माणसं. २०१९ मध्ये केंद्रानं नियम बदलले आणि ८० वर्षांपुढचे तसंच ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार त्यात आले. २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर वयाची अट ८५ केली. अर्ज १२ड भरून दिला की पथक घरी येतं, गुप्ततेची व्यवस्था करतं, मत घेऊन पाकीट बंद करतं आणि सगळ्या कामाचं चित्रीकरण होतं. सरकारनं केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक.

मात्र हा नियम १९६१ च्या केंद्रीय नियमावलीतला, म्हणजे लोकसभा आणि विधानसभेपुरता. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या राज्याच्या कायद्यांनी चालतात. केंद्राचा १२ड तिथं चालत नाही.

याचा अर्थ भाज्यासारख्या गावात काय होतो तो बघा. मे २०२४ मध्ये मावळचा खासदार निवडायचा होता, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आजीच्या खाटेपर्यंत सरकार जाऊ शकत होतं. तिच्या वाडीला नळाचं पाणी यायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे तो सरपंच निवडायची वेळ आली, की तीच आजी कुणीतरी उचलून नेईपर्यंत मतदार उरत नाही. दिल्लीत बसणाऱ्याची निवड तिच्या घरात, आणि गल्लीत बसणाऱ्याची निवड तिच्या आवाक्याबाहेर. राज्याच्या नियमांत ही दुरुस्ती करायला कुणी अडवलेलं नाही. केलेली नाही, एवढंच.

आणि पोटासाठी बाहेर गेलेला साधा माणूस? त्याला टपाली मत गावाला नाही, विधानसभेला नाही, लोकसभेलाही नाही.

*

मुंबईचा डबेवाला हा मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातला. १८९० पासून या लोकांनी मुंबईला जेवण पोहोचवलं. सकाळी घरातून उचललेला डबा जेवणाच्या सुट्टीआधी नेमक्या टेबलावर आणि संध्याकाळच्या आत रिकामा होऊन त्याच घरात परत. झाकणावरच्या रंगीत खुणेवर सगळा कारभार. ज्या मातीतल्या माणसांनी पाकीट हलवण्याचं हे शास्त्र उभं केलं, त्यांचंच मत मुंबईहून वडगाव मावळच्या तहसील कार्यालयात पोहोचवायला आपल्या शासनाला सव्वाशे वर्षांनंतरही वाट सापडत नाही, हे मला पटत नाही. डबेवाले गावच्या जत्रेसाठी दरवर्षी काही दिवस सेवा बंद ठेवून येतात. मतदान मात्र आयोगाच्या तारखेला येतं, जत्रेच्या नाही.

कायद्याची बाजू त्यांच्याकडे भक्कम आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं सर्वसाधारण रहिवासाचं ठिकाण तुटत नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग लोणावळा-मळवलीच्या बंगल्यांना लागू आहे: केवळ घर मालकीचं आहे, एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्या बंगलेमालकानं गावच्या यादीत नाव घालायचा आग्रह धरला, तर हे वाक्य त्याला वाचून दाखवावं. आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवणाऱ्यांना कलम १७ दाखवावं, मग ते बंगल्यातले असोत वा चाळीतले. बाहेरच्याला टपाली मत द्या म्हणताना यादी स्वच्छ करा, हे मी त्याच दमात म्हणतो. एकाशिवाय दुसरं मागणं हा गावाशी दगा होईल.

*

एका मतानं काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यानं ग्रामपंचायतीची मतमोजणी बघितलेली नाही. प्रभागात मतदार काही शे. निकाल चार मतांनी, दोन मतांनी लागतो. मतं समसमान झाली की चिठ्ठी टाकतात. मुंबईसारख्या महानगरातही ते टळत नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना सारखीच, ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी निघाली आणि शाह नगरसेवक झाले. त्या प्रभागातला एक आजारी, एक प्रवासातला, एक रजा न मिळालेला माणूस आठवा. त्याचं मत आलं असतं तर चिठ्ठीची गरज पडली नसती.

गावात पणाला लागतं तेही लहान नाही. भाज्याची लेणी पुरातत्त्व विभागाकडे आहेत. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्या गर्दीचा कचरा उचलायचा, पाणी पुरवायचं, वाटेवरच्या टपऱ्या आणि गाड्या यांची शिस्त लावायची, हा ताण पायथ्याच्या पंचायतींवर येतो. त्यात स्थानिक निवडणुका वेळेवरही होत नाहीत: पुणे जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी राज्याला निवडणुका घ्या म्हणून बजावावं लागलं. इतक्या वर्षांच्या खंडानंतर मत द्यायची पाळी येते, आणि त्याच दिवशी माणूस चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतो.

*

टपाली मताचा खरा कस परतीच्या वाटेवर लागतो. मतपत्रिका देणं सोपं आहे. ती वेळेत, सही-शिक्क्यासह आणि कुणाचाही हात न लागता परत येणं अवघड.

केंद्राच्या नियमात दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात, नमुना १३ब. त्यासोबत १३अ चं प्रतिज्ञापत्र, मतदाराची सही आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन असलेलं. दोन्ही मिळून बाहेरच्या पाकिटात, १३क. मोजणीच्या टेबलावर अधिकारी आधी बाहेरचं पाकीट फोडतो आणि प्रतिज्ञापत्र तपासतो. सही नसेल, साक्षांकन नसेल, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतलं पाकीट न उघडताच बाद. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेलं पाकीट तर कुणी फोडतच नाही. वरातीमागून आलेल्या घोड्यासारखं ते गठ्ठ्यात बांधून ठेवतात.

या कडक नियमांची किंमत किती, ते मुंबई उत्तर-पश्चिमनं २०२४ मध्ये दाखवलं. मतदान यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर रवींद्र वायकरांच्या एका मतानं पुढे होते. टपाली मतं मिळवली आणि वायकर ४८ मतांनी जिंकले. त्याच मोजणीत १११ टपाली मतं बाद झाली होती, म्हणजे विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. बिहारमध्ये २०२० साली हिलसा मतदारसंघाचा निकाल १२ मतांनी लागला आणि बाद टपाली मतं होती १८२. यातली जी पाकिटं नियमानं बंदच राहिली, त्यांतली मतं कुणाला होती ते कुणालाच कळणार नाही. एका चुकलेल्या सहीपायी जवानाचं किंवा शिक्षिकेचं मत जातं. म्हणून पाकिटासोबतची सूचना साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रासह हवी. कायद्याची भाषा घोटून दिलेला कागद देऊन मतदाराला चुकायला लावणं, हे मत नाकारण्याचंच एक रूप आहे.

आता वेळेचं गणित मांडू. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातल्या ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. अर्ज मागे घ्यायची मुदत ७ डिसेंबरला दुपारी तीनला संपली. त्याआधी कोण रिंगणात आहे हेच पक्कं नव्हतं, म्हणजे मतपत्रिका छापणं अशक्य. मतदान १८ ला, मोजणी २० ला. हातात राहिले जेमतेम तेरा दिवस. तेवढ्यात छपाई, पाकिटं, टपाल, राजस्थानच्या सीमेवरची चौकी, तिथलं साक्षांकन आणि परतीचं टपाल. लोकसभेला जवानांसाठी मतपत्रिका आता संगणकावरून जाते, तिथं छापून घेतात. परत मात्र ती टपालानंच येते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकणाऱ्या केरळच्या किंवा बिहारच्या नौसैनिकाला हा अनुभव आहे. जाणं क्षणाचं, येणं आठवड्याचं. गावच्या निवडणुकीत तेरा दिवसांत हे बसवायचं असेल, तर नुसतं टपालावर सोडून चालणार नाही.

*

टपाली मत सर्रास वाटलं की काय होतं, तेही बघितलं पाहिजे. इंग्लंडमध्ये मागेल त्याला टपाली मत मिळू लागलं, आणि २००४ च्या स्थानिक निवडणुकीत बर्मिंगहॅममध्ये टपाली मतांची उघड लूट झाली. २००५ मध्ये निवडणूक न्यायालयानं दोन प्रभागांतल्या सहा नगरसेवकांची निवड रद्द केली. आता तिथं कायदा बदलला आहे. मे २०२४ च्या स्थानिक निवडणुकांपासून कुणालाही स्वतःच्या पाकिटाखेरीज जास्तीत जास्त पाच जणांची पाकिटं केंद्रावर आणून देता येतात, तीही फॉर्म भरून. आणि घरच्या माणसांची सोडून इतरांच्या पाकिटांना प्रचारकानं हात लावायचा नाही.

आपल्याकडे ही बंदी पहिल्या दिवसापासून हवी. आज गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेला कार्यकर्ता उद्या भांडुपच्या चाळीत पाकिटं गोळा करत फिरेल. समोर बसून शिक्का मारून घेईल, वर चहा पाजेल. गाडी परवडली, कारण गाडीतून उतरलेला माणूस निदान पडद्याआड एकटा तरी असतो. म्हणून घरी पाकीट पाठवून द्या, मोबाइलवर मत द्या, असं मी मागत नाही. बिहारनं जून २०२५ मध्ये नगरपालिका निवडणुकीत मोबाइल ॲपवरून मतदान घेतलं. प्रयत्न धाडसी आहे, पण मतदाराच्या खांद्यामागे कोण उभं आहे ते ॲपला दिसत नाही.

*

मग मागतो काय? ज्याचा नमुना आपल्याकडे तयार आहे तेच.

निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी पूर्वी टपाली मतपत्रिका घरी नेत, शेवटच्या घटकेपर्यंत जवळ ठेवत आणि दबाव सोसत. २०२३ मध्ये नियम बदलला. आता लोकसभा-विधानसभेला त्यांनी सुविधा केंद्रावर येऊन, आडोशाला मत देऊन, पाकीट तिथंच पेटीत टाकायचं. हीच सोय गावच्या मतदाराला द्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पिंपरी-चिंचवड, चाकण इथल्या सरकारी कार्यालयांत मतदानाआधीचे तीन दिवस, एक रविवार धरून, केंद्र उघडा. मतदारानं नाव आधी नोंदवावं, ओळखपत्र दाखवावं, कागदी मतपत्रिकेवर एकांतात खूण करावी, साक्षांकन अधिकाऱ्यानं जागेवर करावं, पाकीट सीलबंद पेटीत जावं. पेट्या पोलीस बंदोबस्तात संबंधित तहसीलला. नाव नोंदवलं त्याच्यापुढे गावच्या यादीत खूण, म्हणजे दुसऱ्यांदा मत देता येणार नाही. टपालाची दिरंगाई टळेल, सहीच्या चुका टळतील आणि पाकिटं गोळा करणाऱ्यालाही जागा उरणार नाही.

८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांसाठी घरी पथक पाठवायचा नियम राज्याच्या नियमावलीत जसाच्या तसा घ्या. मनुष्यबळ नाही म्हणू नका. केरळच्या राज्य निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२० च्या पंचायत निवडणुकीत, ऐन कोरोनात, बाधित आणि विलगीकरणातल्या मतदारांपर्यंत विशेष टपाली मतपत्रिका पोहोचवल्या. त्यासाठी राज्यानं कायद्यात बदल केला. घटनेच्या अनुच्छेद २४३ट नं पंचायत निवडणुकीचे नियम करायचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. जे तिरुवनंतपुरमला जमलं, ते मुंबईला का जमू नये?

एक अडचण खरी आहे आणि ती झाकू नये. लहान प्रभागात बाहेरची पाकिटं चार-पाचच आली, तर ती कुणाची हे गाव ओळखेल आणि मत उघडं पडेल. त्यावर नियम हवा: ठरावीक संख्येपेक्षा कमी पाकिटं असतील तर उमेदवारनिहाय टपाली आकडा वेगळा जाहीर करायचा नाही, प्रभागाची एकच बेरीज सांगायची. मोजणी प्रतिनिधींनाही फक्त एकूण आकडा मिळावा. यंत्राच्या मोजणीत तसा बदल करावा लागेल, तर करावा. गुप्ततेपेक्षा सोय मोठी नाही.

आणि नियम झाला की त्याची अंमलबजावणी गावापर्यंत यावी. नाव नोंदणीची तारीख ग्रामसभेत वाचून दाखवावी, मळवली स्टेशनावर आणि पंचायतीच्या फलकावर लावावी. अर्ज मराठीत, एका पानाचा, फुकट.

मावळातल्या प्रत्येक इच्छुक सरपंचाला आणि प्रत्येक पक्षाच्या आमदाराला मतदारांनी आता थेट विचारावं: गावाबाहेरच्या मतदाराला सरकारी केंद्रावर मत देण्याचा कायदा तुम्ही मागणार आहात का, हो की नाही? जो हो म्हणेल त्याच्याकडून ते लेखी घ्या. जो टाळेल, त्याला गाड्यांचा धंदा चालू ठेवायचा आहे, हे गावानं ओळखावं.